'.भारत' नक्की कोणाच्या ताब्यात असतं?

ताम्हण (धागाकर्ता)

खरडफळ्यावर मागे प्रश्न आला होता: मराठीत संकेतस्थळाचं नाव घ्यायचं तर ते सरकारकडून घ्यायचं, विकणाऱ्या कंपनीकडून, की थेट अमेरिकेतून? तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे आणि तीन ओळींच्या खरडीत ते मावत नाही, म्हणून हा धागा. मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, डोमेन विकत नाही. तेव्हा जाहिरात समजू नये.

नाव उजवीकडून वाचायला घ्या. शेवटच्या टिंबानंतरचा तुकडा कोणाचा, यावर बाकी सगळं ठरतं. 'इन', 'जेपी', 'एफआर' असे दोन अक्षरी तुकडे देशांचे. ते आयएसओ ३१६६ या देशसंकेतांच्या यादीतून आले. त्या काळी या तुकड्यांची नोंदवही जॉन पोस्टेल हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बघत, आणि कोणता प्रदेश देश आहे नि कोणता नाही हे ठरवणं आपलं काम नव्हे, अशी त्यांची स्वच्छ भूमिका होती. आयती यादी उचलली आणि भांडणं परस्पर दुसऱ्याच्या दारात गेली. फार शहाणा माणूस.

आपल्याला 'इन' मिळालं १९८९ मध्ये, आणि ते सांभाळत होती जुहूची एनसीएसटी ही सरकारी संगणक संशोधन संस्था. ती पुढे सी-डॅक या तशाच मोठ्या सरकारी संस्थेत विलीन झाली. तेव्हा 'इन' नाव मिळवायचं म्हणजे अर्ज, कागद आणि वाट बघणं. त्यापेक्षा लोक 'कॉम' घेऊन मोकळे व्हायचे. जानेवारी २००५ मध्ये नोंदणी सर्वांना खुली झाली आणि कारभार निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे गेला. निक्सी २००३ ची, आणि काढली होती वेगळ्याच कामासाठी: मुंबईहून पुण्याला जाणारा डेटा परदेशी वळसा न घेता इथल्या इथे एकमेकांकडे सोपवता यावा म्हणून. नावांचं दप्तर तिच्याकडे नंतर आलं. ती नफा न कमावणारी कंपनी आहे, सरकारी खातं नव्हे. पण माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या छत्राखाली चालते.

आता देवनागरी. नावं शोधणारी यंत्रणा १९८० च्या दशकातली. तिला रोमन अक्षरं, अंक आणि मधली आडवी रेघ एवढंच कळतं, आणि आजही व्यवहार तेवढ्यावरच चालतो. २००३ मध्ये प्युनीकोड नावाची युक्ती प्रमाण झाली: कोणत्याही लिपीतला शब्द रोमन अक्षरांत गुंडाळायचा आणि ओळख म्हणून पुढे 'एक्सएन' नि दोन रेघा लावायच्या. त्यामुळे आपण 'भारत' टंकलं तरी ब्राउझर पुढे विचारतो ते 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं. सर्व्हरला देवनागरीचं अक्षरही दिसत नाही.

पण ही युक्ती बरीच वर्षं टिंबाच्या डावीकडेच चालली. शेवटचा तुकडा रोमनच. तो बदलायची वाट आयकॅनने, म्हणजे जगभरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेने, १६ नोव्हेंबर २००९ ला उघडली. अट अशी की तुकडा देशाचं नाव असावा, तिथल्या अधिकृत भाषेत असावा, सरकारचा पाठिंबा असावा, आणि आधीच्या कोणत्याही तुकड्याशी दिसायला गल्लत होऊ नये. शेवटची अट गमतीची वाटेल, पण बल्गेरियाला विचारा. त्यांचा सिरिलिकमधला दोन अक्षरी तुकडा ब्राझीलच्या 'बीआर'सारखा दिसतो म्हणून २०१० मध्ये नाकारला गेला आणि रूट यादीत, म्हणजे शेवटच्या तुकड्यांच्या जागतिक मूळ यादीत, यायला २०१६ उजाडलं. मे २०१० मध्ये सौदी अरेबिया, अमिराती, इजिप्त आणि रशिया यांचे तुकडे पहिल्यांदा आले.

आपले सात आले २०११ मध्ये: देवनागरी, बंगाली, गुजराती, गुरुमुखी, तेलुगू, उर्दू यांत 'भारत' आणि तमिळमध्ये 'इंदिया'. रूट यादीत नाव येणं वेगळं आणि लोकांना ते घेता येणं वेगळं, हे इथे नीट दिसतं. देवनागरी '.भारत' सामान्य माणसासाठी खुलं झालं २७ ऑगस्ट २०१४ ला. मधली तीनेक वर्षं कोणती अक्षरं चालतील, कोणती नाही, यात गेली. त्या कामाचा मोठा भाग पुण्यात झाला, सी-डॅकच्या जिस्ट या भारतीय भाषांवर काम करणाऱ्या गटात. पुढे कन्नड, मल्याळम, ओडिया, असमिया वगैरे मिळून आकडा पंधरावर गेला. एका देशाचे इतके तुकडे दुसरीकडे कुठे नाहीत.

म्हणजे उत्तर काय? रूटमध्ये तुकडा येण्यासाठी अर्ज निक्सीचा, तपासणी आयकॅनची, नोंद आयाना या आयकॅनच्याच शाखेची, आणि प्रत्यक्ष यादी बनवून ती तेरा नावांच्या रूट सर्व्हरांपर्यंत पोचवते व्हेरीसाइन ही अमेरिकन कंपनी. १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत अशा प्रत्येक बदलाला अमेरिकी वाणिज्य खात्याची संमती लागायची. आता लागत नाही.

प्रश्न येऊ द्या.

---

सर्किटबाई

छान लिहिलंय. एक गाळलेली जागा भरते, कारण लोक नेमके तिथेच फसतात.

नोंदवही ठेवणारा एक आणि नाव विकणारा दुसरा. पहिला रजिस्ट्री, म्हणजे निक्सी. दुसरा रजिस्ट्रार, म्हणजे आपण ज्याला पैसे देतो तो. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो, एजंटाच्या ऑफिसात नाही. एजंट बुडाला किंवा भांडला तरी नोंद दप्तरात राहते आणि दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येते. मात्र नोंद *कोणाच्या नावावर* आहे हे बघा. संस्थेचं नाव वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर असेल तर दप्तराच्या लेखी मालक तो पोरगा.

आणि निक्सी तरी सगळं स्वतः करते असं नाही. नोंदवहीचे संगणक चालवण्याचं काम ठेक्याने दिलं जातं. आधी ते अफिलियास या कंपनीकडे होतं, २०१९ च्या सुमारास न्यूस्टार कंपनीकडे गेलं, मग न्यूस्टारचा तो विभागच गोडॅडीने विकत घेतला, आणि २०२५ मध्ये काम टुकाउजकडे गेलं. धोरण दिल्लीत, यंत्रं ठेकेदाराची, विक्री शेकडो दुकानांतून.

---

तांबडा_रस्सा

एवढा उपद्व्याप करून मिळवलेलं नाव फॉर्ममध्ये टाकलं की लाल अक्षरांत उत्तर येतं: 'कृपया वैध पत्ता लिहा.' हा अनुभव मी एका विमा कंपनीच्या संकेतस्थळावर घेतला, एका भरती परीक्षेच्या अर्जावर घेतला, आणि एका कुरिअरवाल्याकडेही. देवनागरी ईमेल सांगितला की पलीकडचा माणूस म्हणतो, 'ते ठीक आहे, पण खरा सांगा.'

---

ताम्हण

@तांबडा_रस्सा, दुखरी नस. अशा ईमेल पत्त्यांची मानकं २०१२ लाच झाली आहेत. जीमेलने २०१४ मध्ये अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. राजस्थान सरकारने 'राजस्थान.भारत'वर नागरिकांना हिंदी ईमेल पत्ते देऊ केले. अडकतं ते फॉर्ममध्ये. कोणीतरी कधीतरी लिहिलेली तपासणीची एक ओळ असते: आधी रोमन अक्षरं, मग 'ॲट', मग रोमन अक्षरं, टिंब, शेवटी दोन ते चार रोमन अक्षरं. ती एका प्रकल्पातून दुसऱ्यात चिकटवली जाते. तिला नवे लांब इंग्रजी तुकडेसुद्धा चालत नाहीत, मग देवनागरी कुठून चालणार.

सगळ्या लिप्यांतले पत्ते सगळीकडे चालावेत म्हणून युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स नावाची मोहीम आहे, २०२३ पासून तिचा दिवसही पाळतात. माझं मत विचाराल तर दिवस पाळून काही होत नाही. सरकारी निविदेत 'देवनागरी पत्ता स्वीकारला नाही तर बिल अडकेल' अशी अट घाला, महिन्याभरात सगळे फॉर्म दुरुस्त होतील.

---

ऱ्हस्वदीर्घ

आमच्यासारख्या किरकोळ माणसांचा किरकोळ प्रश्न. 'दऱ्याखोऱ्या.भारत' असं नाव घेता येईल का? 'ॲ' चालतो का? 'ळ' तरी आहे ना, की हिंदीवाल्यांनी समितीत तोही उडवला?

---

सर्किटबाई

@ऱ्हस्वदीर्घ, किरकोळ कसला, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे हा.

'ळ' आहे, निर्धास्त राहा. मराठी वळणाचे ल आणि श यांचीही काळजी नको. हिंदी नि मराठी ल ला युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांची जागतिक क्रमांकसूची) क्रमांक एकच, दिसण्यातला फरक फॉन्टचा. म्हणजे त्यावरून दोन वेगळी नावं होऊच शकत नाहीत.

'ऱ्य' ची गोष्ट मजेदार आहे. हा अर्धा र लिहायचे दोन मार्ग रूढ आहेत. एक: साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. दुसरा: नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, आणि मग हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाला दोन वेगळे शब्द. जुन्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गुपचूप गाळलं जायचं, म्हणजे पहिल्या पद्धतीने लिहिलेलं 'दऱ्या' पोचेपर्यंत 'दर्या' व्हायचं! २०१० च्या नियमांनी त्याला हलन्तानंतर जागा दिली, पण न दिसणारं चिन्ह नावात असणं म्हणजे फसवणुकीला आमंत्रण. म्हणून रूटसाठीच्या देवनागरी नियमांत ते घेतलंच नाही. तिथे नुक्त्याच्या ऱ चा मार्ग आहे. गंमत अशी की हा ऱ युनिकोडमध्ये आला तो द्राविडी भाषांतला वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून, आणि त्याचं अर्धं रूप आपल्या दऱ्याखोऱ्यांच्या कामी आलं.

'ॲ' ला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्राची मात्रा ठेवत, अजूनही कित्येक कळफलक तेच करतात. इथे नियम असा: मात्रा फक्त व्यंजनावर बसते, स्वरावर नाही. त्यामुळे अ वर मात्रा देऊन केलेला ॲ बाद. नाव नाकारलं गेलं आणि कारण कळेना, तर आधी हे तपासा.

---

ताम्हण

वरच्यात थोडी भर. हे नियम कोण्या अमेरिकन अभियंत्याने बसून लिहिलेले नाहीत. ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ भारतीय लिप्यांसाठी एक समिती होती, निओ-ब्राह्मी जनरेशन पॅनल. भाषातज्ज्ञ आणि संगणकवाले एकत्र बसले होते. देवनागरीचे नियम रूटच्या २०१९ च्या आवृत्तीत आले, बंगालीचे २०२० च्या.

एका लिपीत किती भाषा, हा त्यांचा खरा पेच. देवनागरी '.भारत' एकट्या मराठीचं नाही: हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरीतली सिंधीही त्याच तुकड्याखाली. एकाला हवं ते अक्षर दुसऱ्याला अनोळखी. उलट संस्कृतला 'भारतम्' आणि संथालीला 'भारोत' असे वेगळे तुकडे देवनागरीतच आहेत. बंगाली-असमियाचा घोळ तर आणखी बारीक. दोन्हींत 'भारत', फक्त र ची आकृती वेगळी, म्हणून तुकडे दोन.

---

मांडवीकाठ

गोव्यातून विचारतो. देवनागरी कोकणी '.भारत'मध्ये आली, बरं झालं. पण आमच्याकडे रोमी लिपीत लिहिणारे खूप आहेत. चर्चची नियतकालिकं, तियात्र, सगळं रोमीत. त्यांना काय?

---

सर्किटबाई

@मांडवीकाठ, त्यांना 'इन' आहेच, कारण त्यांची अक्षरं रोमनच. यंत्रणेला भाषा कळत नाही, लिपी कळते. अडचण फक्त स्वरांवर चिन्हं देऊन लिहिणाऱ्यांची, आणि पत्त्यात ती चिन्हं गाळून चालवून घेतात.

---

सह्याद्री_एक्सप्रेस

हे सगळं ठीक. मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. '.मराठी' का नाही? भाषेला अभिजात दर्जा मिळाला, जगभर मराठी माणूस आहे. न्यू जर्सीतल्या मंडळाने 'भारत' लावायचं की 'यूएस'? त्याला '.मराठी'च हवं.

---

ताम्हण

@सह्याद्री_एक्सप्रेस, मागणी वेडगळ नाही, नमुना आहे. कातालान भाषेला 'कॅट' हा तुकडा २००५ मध्ये मंजूर झाला. देशाचा नाही, भाषेचा. बार्सिलोनातली एक संस्था तो चालवते, आणि तो फक्त कातालान भाषा नि संस्कृतीशी संबंध असणाऱ्यांसाठी आहे. मागाहून बास्क, गॅलिशियन, ब्रेटन, वेल्श रांगेत आले.

पण किंमत ऐका. आयकॅन नव्या तुकड्यांसाठी अधूनमधून अर्जांची फेरी काढते. २०१२ च्या फेरीत अर्जाचं शुल्क १,८५,००० डॉलर होतं. नव्या फेरीत ते २,२७,००० डॉलर ठरलं, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. हा नुसता अर्ज. पुढे दरवर्षी आयकॅनची फी, नोंदवही चालवणारा ठेकेदार, तक्रार निवारण. हे पैसे नावं विकून काढायचे. आपण इथे किती जण दरवर्षी नूतनीकरण करू, हात वर करा :)

---

तांबडा_रस्सा

मी करीन. फॉर्मवाल्यांना छळायला आणखी एक तुकडा.

---

शून्यप्रहर

कातालानचं उदाहरण दिलंत तर पुढची गोष्टही सांगा. सप्टेंबर २०१७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या तोंडावर, स्पेनच्या पोलिसांनी 'कॅट' चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयावर छापा घातला आणि तिच्या तांत्रिक प्रमुखाला अटक केली. सार्वमताशी संबंधित संकेतस्थळं बंद करा, असा आदेश होता. भाषेची नोंदवही वेगळी काढली तरी ती कुठल्या तरी देशाच्या कायद्याखालीच बसते. '.भारत' तर उघडच मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. कारभार सुरळीत आहे तोवर ठीक, पण हे माहीत असून नाव घ्यावं.

---

सर्किटबाई

@शून्यप्रहर, मुद्दा मान्य. पण ताबा असण्याचा उपयोगही बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की बँकांनी 'बँक.इन' या राखीव विभागात यायचं. तिथे नावं देणारा एकच, रिझर्व्ह बँकेनेच स्थापलेली हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था. बँक नसलेल्याला तिथे नावच मिळत नाही, त्यामुळे खोट्या बँकेचं संकेतस्थळ निदान त्या शेपटीने तरी निघू शकत नाही. 'कॉम'मध्ये असं कोणी करू शकलं असतं का? देवनागरीतही राखीव विभाग आहेत, 'सरकार.भारत' आणि 'विद्या.भारत'.

फसवणुकीचं निघालंच आहे तर: २०१७ मध्ये एका संशोधकाने सिरिलिक अक्षरांनी ॲपल कंपनीचं हुबेहूब नाव नोंदवून दाखवलं होतं. तेव्हापासून क्रोमसारखे ब्राउझर जास्त कडक झाले, संशय आला की नाव गुंडाळलेल्या रोमन रूपातच दाखवतात. आपल्याकडे एका नावात दोन लिप्या मिसळू देत नाहीत ते यासाठीच. गुरुमुखीतले ट आणि ठ बघा, देवनागरीपासून वेगळे ओळखून दाखवा.

---

ग्रंथपाल_गावाकडचे

चर्चा मोठी झाली, माझा प्रश्न छोटा आहे. आमचं सार्वजनिक वाचनालय. 'इन' नाव आहे. मराठी नावही घ्यावं असं समितीत ठरतंय. काय काय बघायचं? आणि 'इन'बरोबर मराठी नाव फुकट मिळतं असं एक सदस्य म्हणतात.

---

ताम्हण

@ग्रंथपाल_गावाकडचे, २०२१ च्या सुरुवातीला निक्सीने तशी योजना काढली होती, 'इन' घेणाऱ्याला आपल्या भाषेतलं '.भारत' नाव फुकट. आता काय चालू आहे ते रजिस्ट्रारला विचारा, आणि पहिल्या वर्षाच्या नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या दराबद्दल विचारा.

नाव घ्या, पण 'इन' सोडू नका. मराठी नाव फलकावर, पावतीवर, निमंत्रणपत्रिकेवर लावा आणि ते उघडलं की 'इन'वर जाईल अशी सोय करा. मग कोणाचा फॉर्म नाकारतोय याची चिंता नाही. सुरक्षा प्रमाणपत्र दोन्ही नावांना लागेल. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१६ पासून अशा नावांनाही ते फुकट देते, फक्त अर्जात नाव प्युनीकोड रूपात टाकायचं. नोंदणी वाचनालयाच्या नावाने, आणि संपर्काचा ईमेल आत्ताच्या कार्यवाहांचा खाजगी नको. पुढच्या निवडणुकीत ते बदलतील आणि नूतनीकरणाची सूचना त्यांच्याच डब्यात पडून राहील.

---

ऱ्हस्वदीर्घ

आणि वाचनालयाच्या नावात ऱ्य असेल तर नोंदणीआधी इथे लिहून दाखवा, तपासून देतो. तसंच टिंब द्या, दंड नको. काही हिंदी कळफलकांवर टिंबाच्या जागी दंड येतो आणि ब्राउझर तो टिंब मानत नाही.

---

ग्रंथपाल_गावाकडचे

ऱ्य नाही, पण 'श्री' आहे आणि मध्ये जागा सोडलेली आहे.

---

सर्किटबाई

'श्री' चालेल. जागा चालणार नाही. आडवी रेघ टाका किंवा शब्द जोडून लिहा. मी जोडून लिहीन, फोनवर सांगताना रेघ सांगावी लागत नाही.